दान मागणारा निष्कांचन : श्री संत गाडगे महाराज

वारज्याहून सकाळी निघालेल्या यात्रेकरूस आळंदी आणि देहू ही दोन्ही क्षेत्रे पाहून दिवेलागणीपर्यंत घरी परतता येते. आज मोटारी आहेत, महामार्ग आहे. शंभर वर्षांपूर्वी हीच यात्रा पायी अथवा बैलगाडीने होत असे आणि मुक्कामाची सोय हा तीतील सर्वांत बिकट प्रश्न असे. सधन यात्रेकरू क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात उतरत. गरिबांच्या वाट्याला नदीचे वाळवंट, एखाद्या झाडाची सावली किंवा कोणाच्या तरी ओसरीचा कोपरा येई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला तर ओसरीही मिळत नसे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक आणि मुंबई या ठिकाणी या गरीब यात्रेकरूंसाठी ज्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांतील अनेकांच्या मुळाशी एकच नाव आहे. ते नाव श्री संत गाडगे महाराजांचे होय.

महाराजांच्या स्वच्छतेच्या व्रताविषयी, कीर्तनांविषयी आणि अंधश्रद्धेवरील प्रहारांविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालविले, अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले आणि शाळेतील प्रत्येक मुलाला त्यांचा खराटा ठाऊक आहे. त्या मानाने त्यांच्या चरित्राची एक बाजू थोडी मागे राहिली आहे. अक्षरओळख नसलेल्या आणि स्वतःजवळ छदाम न बाळगणाऱ्या या पुरुषाच्या शब्दावर लोकांनी आपल्या थैल्या मोकळ्या केल्या. तो पैसा धर्मकार्यासच लागला आणि त्यातील एक पैसाही त्यांच्या घरी गेला नाही. हे त्यांनी कसे साधले, हे पाहणे दानावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई आणि आडनाव जानोरकर. लहानग्या डेबूजीचे पितृछत्र आठव्या वर्षाच्या सुमारास हरपले. त्यास कारण दारूचे व्यसन होते. त्या काळी ज्ञातीच्या कार्यात व देवाच्या नवसात बोकड आणि दारू यांवाचून पान हलत नसे. कर्ज काढून जेवणावळी घालावयाच्या, त्या कर्जापायी शेत घालवावयाचे आणि त्या दुःखात पुन्हा दारू जवळ करावयाची, या चक्रात असंख्य कुटुंबे भरडली जात होती. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या माहेरी आल्या. डेबूजी मामांच्या घरी वाढले, गुरे राखू लागले आणि पुढे उत्तम शेतकरी झाले. शाळेचे तोंड मात्र त्यांनी कधी पाहिले नाही.

मामा चंद्रभान यांचे शेत सावकाराच्या घशात गेले, ही घटना त्यांच्या जीवनास वळण देणारी ठरली. कष्टाळू व सुस्थितीत असलेले मामा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत गेले. त्या कागदावर काय लिहिले आहे, दिलेल्यापैकी किती जमा धरले आहे, हे वाचण्याचे साधन घरात कोणापाशीच नव्हते. अखेर सारे प्रकरण अंगावर आले, जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून त्यांना आडवे गेले, अशी हकिकत चरित्रकारांनी दिली आहे. या प्रसंगातून शिक्षणाचे महत्त्व त्यांना पटले, असे सर्वजण सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु व्यापारउदीम करणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कागदाचे सामर्थ्य किती, हे ज्याला कागद वाचता येत नव्हता त्यानेच सर्वांत चांगले ओळखले. पुढे आयुष्यात त्यांनी जी जी वास्तू उभी केली तिची व्यवस्था रीतसर लेखी करून विश्वस्तांच्या हाती दिली. स्वतःच्या तोंडी शब्दावर किंवा आपल्या पुण्याईवर त्यांनी ती विसंबून ठेवली नाही.

१८९२ साली त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या कन्येच्या बारशाच्या वेळी भाऊबंद व ज्ञातिबांधव नेहमीच्या अपेक्षेने पंगतीला बसले, तेव्हा पानात मांसाऐवजी गोडधोड वाढलेले दिसले. दारूचा तर पत्ताच नव्हता. पंगतीत कुजबुज झाली, रुसवेफुगवे झाले. डेबूजी मात्र ठाम राहिले. जीवहिंसेला असलेला त्यांचा विरोध कोणा गुरूच्या उपदेशातून अथवा ग्रंथाच्या वाचनातून आलेला नव्हता, तर घरातील अनुभवातून आलेला होता. पुढे गावोगावच्या जत्रांतून नवसाचे बोकड कापू नयेत म्हणून त्यांनी आयुष्यभर कीर्तने केली आणि अनेक ठिकाणी ती प्रथा बंद पडली. अभयदानाला सर्व दानांत अग्रस्थान देणाऱ्या आपल्या समाजाने या एका कार्यासाठी तरी त्यांचे ऋण मानावयास हवे.

फेब्रुवारी १९०५ मध्ये, तिशीही पूर्ण झालेली नसताना, त्यांनी घर सोडले. त्यानंतरची वर्षे पायी भ्रमंतीत गेली. अंगावर ठिकठिकाणच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे एवढाच त्यांचा प्रपंच होता. ते गाडगे ऊनपावसात डोक्यावर घ्यावयाचे आणि भुकेच्या वेळी त्यातच भाकरी व कालवण घेऊन खावयाचे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे गोधडेबुवा, तर कोठे चिंधेबुवा. कापडाच्या धंद्यात चिंधी म्हणजे मापातून उरलेला, किंमत नसलेला तुकडा. ज्यांच्या एका शब्दावर लक्षावधींच्या इमारती उठल्या, त्यांनी अशा तुकड्यांवर पन्नास वर्षे काढली. हा केवळ वेषाचा भाग नव्हता. दान मागणाऱ्याकडे पाहताक्षणी दात्याच्या मनात जी पहिली शंका येते, तिला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

त्यांची रीत अशी होती. गावात शिरल्यावर कोणाच्या घरी न जाता ते खराटा घेऊन रस्ते, गटारे आणि देवळापुढचे पटांगण झाडू लागत. पाहता पाहता गावातील तरुण पुढे येत आणि एकाचे दहा खराटे होत. कोणी कामाबद्दल पैसे देऊ केले तर ते घेत नसत. भाकरी आणि चटणी मिळाली की पुरे. रात्री, दिवसा झाडलेल्या त्याच जागेवर, कीर्तन होई. ते गोपाळाच्या नामघोषाने सुरू होई आणि मग प्रश्नोत्तरे चालत. दगडाच्या देवाला नैवेद्य कशाला, तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज कशाला, पोर शाळेत का नाही, असे साधे प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडून घेत. भांडी विकावी लागली, भाकरी हातावर घेऊन खावी लागली तरी चालेल, पण मुलांना शिकवा, हा उपदेश त्यात हटकून असे. कीर्तनकाराला बिदागी देण्याची परंपरा आहे, त्यांनी ती कधी स्वीकारली नाही. आरतीचे ताट फिरविणे नाही, पाया पडू देणे नाही, हार घालून घेणे नाही. कोणी पायावर डोके ठेवू लागला की ते चक्क पळ काढीत.

मग पैसा उभा कसा राहिला, हा प्रश्न साहजिक आहे. सरळ उत्तर असे की त्यांनी मागितले ते स्वतःसाठी मागितले नाही, आणि घेतले ते स्वतःच्या हाताने घेतले नाही. एखाद्या क्षेत्री धर्मशाळेची निकड दिसली की कीर्तनातून ते ती निकड लोकांच्या डोळ्यांपुढे उभी करीत. पावसात भिजणारी बाळंतीण, वाळवंटात तापाने फणफणलेला म्हातारा, तान्हे मूल उराशी धरून रात्र काढणारी आई, ही त्यांची उदाहरणे असत आणि ती श्रोत्यांनीही पाहिलेली असत. श्रोत्यांत बसलेला सावकार, व्यापारी, ठेकेदार, संस्थानिक आपण होऊन पुढे येई. रक्कम त्या कामासाठी नेमलेल्या मंडळींकडे जमा होई. ज्याच्यापाशी पैसे नव्हते तो गवंड्याच्या हाताखाली राबे, दगड वाही, किंवा अन्नदानासाठी घरून भाकऱ्या बांधून आणी. अन्नछत्रात हजारो पाने उठत, परंतु महाराज स्वतः त्या पंगतीला बसत नसत. ते गावात जाऊन भाकरी मागून आणीत. धर्मशाळा बांधून झाली तरी स्वतः तिच्या खोलीत न राहता बाहेर, झाडाखाली अथवा झोपडीत मुक्काम करीत.

अशा कामाचा आरंभ वऱ्हाडात झाला. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. नदीच्या चिखलातून उतरताना लोकांचे, विशेषतः वृद्धांचे व बायाबापड्यांचे अतोनात हाल होत. १९०८ च्या सुमारास महाराजांनी लोकांना श्रमास लावून व लोकवर्गणी जमवून तेथे घाट बांधविला. यात्रेत येणारे आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना स्नान घालणे, वस्त्र देणे आणि पोटभर जेवू घालणे हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. पुढे १९२५ साली मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे काम, धर्मशाळा व विद्यालय उभे राहिले. भाकड व म्हाताऱ्या गुरांना कसायाच्या दारी जाऊ न देता सांभाळणारे हे गोरक्षण म्हणजे आपल्याकडील पांजरपोळांचेच भावंड होय. पांजरपोळाचे अर्थकारण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की तेथे उत्पन्न नसते, खर्च मात्र रोज असतो. दात्याला दाखविण्यासारखे भव्य असे काही नसते. तरीही त्यांनी हे काम हाती घेतले.

पंढरपूरची हकिकत अधिक महत्त्वाची आहे. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी जमत. त्यांत महार व इतर अस्पृश्य समाजाचे वारकरी थोडे नव्हते. चोखोबांच्या अभंगांनी ज्यांची भक्ती पोसली त्या समाजाला चोखोबांच्या पंढरीत निवारा नव्हता, मग देवळात प्रवेश कोठला? श्री विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले ते पुढे १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या तीस वर्षे आधी, १९१७ साली, गाडगे महाराजांनी लोकांकडून दान मिळवून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. दात्यांनी मंदिराच्या शिखरासाठी किंवा सोन्याच्या कळसासाठी दान देणे वेगळे आणि ज्यांची सावली टाळावयाची त्या लोकांच्या निवाऱ्यासाठी देणे वेगळे. हे दान त्या काळच्या सवर्ण दात्याच्या हातून सोडवून घेणे किती कठीण असेल, याची आज कल्पनाही करता येणार नाही.

पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळाही त्यांच्या प्रेरणेने झाल्या. जातिभेदाविरुद्ध आयुष्यभर बोलणाऱ्याने जातवार धर्मशाळा का बांधाव्यात, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच निराधार नाही. मात्र त्या काळी वर्गणी जातीच्या पंचायतीतूनच गोळा होत असे. दाता प्रथम आपल्या माणसांसाठी देई आणि मग इतरांसाठी. महाराजांनी दात्याला त्याच्या मुक्कामावरून उचलले आणि जमेल तितके पुढे नेले. दुसरा आक्षेपही असाच आहे. तीर्थात देव नाही म्हणून सांगणाऱ्याने तीर्थांच्या ठिकाणी इमारती का उभाराव्यात? स्वतः ते पंढरपुरास जात, परंतु देवळात न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. लोक तीर्थास जाणारच, तेव्हा गेलेल्या माणसाचे हाल होऊ नयेत, इतकाच त्यांचा हिशेब होता. देव मानावा की न मानावा याचा वाद मिटेपर्यंत पावसात भिजणाऱ्याने थांबावे, असे त्यांना वाटले नाही.

आपल्या संस्थांच्या वह्यांत निरनिराळी खाती असतात. देवद्रव्य वेगळे, ज्ञानखाते वेगळे, जीवदयेचे खाते वेगळे; एका खात्यातील रक्कम दुसऱ्या कामास वापरू नये, असा आपला शास्त्राधारित दंडक आहे. प्रतिष्ठेच्या वेळी चढाव्याच्या बोल्या लागतात तेव्हा देवद्रव्याचे खाते एका सकाळीत भरते. सदैव तुटीत राहते ते साधारण खाते. झाडलोट, पाणी, दिवाबत्ती, नोकरांचे पगार, यात्रेकरूंची सोय, हे सारे त्यातून चालते आणि त्यासाठी बोली लागत नाही. गाडगे महाराजांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांनी आयुष्यभर एका अर्थाने साधारण खात्यासाठीच दान मागितले, असे दिसून येते. मूर्ती, शिखर, कळस यांपैकी काहीच त्यांनी मागितले नाही. घाट, ओसरी, पाणी, भाकरी आणि पाठ टेकण्यापुरती जागा त्यांनी मागितली. ज्या कामात दात्याचे नाव फारसे गाजत नाही त्या कामाला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली.

कुटुंबाच्या बाबतीत त्यांचा कटाक्ष कठोर होता. कोणाला तो निष्ठुरही वाटेल. पत्नी कुंताबाई व मुले यांना संस्थांच्या उत्पन्नातून काही मिळू नये, धर्मशाळेत त्यांची बडदास्त ठेवली जाऊ नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. संस्थांच्या विश्वस्त व्यवस्थेत आपला अगर आपल्या नातलगांचा हक्क राहू नये, याची त्यांनी काळजी घेतली. कुंताबाईंनी हे सर्व सोसले. ज्या घरातील कर्त्या पुरुषाने हजारोंना जेवू घातले, त्या घरात भाकरीची भ्रांत असावी, हे वाचताना मन अस्वस्थ होते. चरित्रकारांनी महाराजांचा त्याग पानोपानी वर्णिला आहे. कुंताबाईंच्या वाट्याला त्या मानाने फार थोड्या ओळी आल्या आहेत. त्यांनी त्याग निवडलेला नव्हता, तो त्यांच्यावर येऊन पडला आणि त्यांनी तो निभावला. १९२३ साली पुत्र गोविंद पिसाळलेले कुत्रे चावून वारला. ती बातमी आली तेव्हा महाराज कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात उभे होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

या कठोरपणाचा अर्थ समजून घेण्यासाठी त्या काळच्या मठ-मंदिरांची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. लोकांनी भक्तिभावाने दिलेली जमीन व दागिने महंतांच्या पुतण्या-भाच्यांच्या नावे झाल्याची आणि वाद वर्षानुवर्षे न्यायालयात खितपत पडल्याची उदाहरणे गावोगाव होती. मूळ पुरुष साधू असला तरी तिसऱ्या पिढीत संस्थेचा वाडा होतो. महाराजांनी ही वाट पहिल्याच पिढीत बंद केली. दात्यांचा त्यांच्यावरील विश्वास दिवसेंदिवस वाढत गेला, त्याचे एक कारण निःसंशय हे आहे.

स्वतःच्या संस्थांपुरतेच त्यांनी हात पसरले, असेही नाही. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था लोकांच्या धान्यावर, पैशावर आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या दागिन्यांवर वाढली होती. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांच्या वक्तव्याचा विपर्यास होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शाळा व वसतिगृहे यांपुढे संकट उभे राहिले. त्या वेळी गाडगे महाराज मध्ये पडले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या मनात महाराजांविषयी आदर होता. महाराजांनी त्यांच्यापाशी शब्द टाकला आणि अनुदानाचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. ज्या माणसाने स्वतःकरिता कोणाकडे काही मागितलेले नसते, त्याचा शब्द मोडणे सत्ताधाऱ्यालाही जड जाते. भाऊरावांनी पुढे १९५४ साली कराडला महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगे महाराज यांचा स्नेह सर्वश्रुत आहे. धर्म, देव आणि तीर्थ यांकडे पाहण्याची दोघांची दृष्टी निराळी, शिक्षणाची तर एकाला अक्षरओळख नाही आणि दुसऱ्यापाशी परदेशी विद्यापीठांच्या पदव्या. तरी बाबासाहेब त्यांना मानीत. १९४९ साली महाराजांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. अटी फारशा न घालता, वसतिगृहासाठी. ज्या हेतूने दान मिळाले त्याच हेतूस ते लागले पाहिजे, हा विश्वस्तांचा पहिला धर्म. त्या दृष्टीने यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी उभारलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला देणे योग्य होते काय, असा प्रश्न एखादा काटेकोर हिशेबनीस विचारील. ज्या समाजाच्या निवाऱ्यासाठी ती वास्तू होती, त्याच समाजाच्या मुलांकडे ती गेली. दात्याच्या हेतूचा गाभा राहिला, रूप बदलले. शिवाय बत्तीस वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने उभी केलेली पहिली मोठी वास्तू हातावेगळी करताना महाराजांच्या मनात आसक्तीचा लवलेश दिसत नाही. मालकी कधी मानलीच नव्हती, म्हणून सोडणे सोपे गेले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली केला आणि संस्थांची नोंदणी, हिशेबतपासणी व धर्मादाय आयुक्तांची देखरेख सुरू झाली. अनेक जुन्या संस्थाचालकांना हा कायदा म्हणजे सरकारची ढवळाढवळ वाटली. गाडगे महाराजांना त्यात अडचण वाटण्याचे कारण नव्हते, कारण कायद्याला जे हवे होते ते त्यांच्या संस्थांत आधीपासूनच होते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेले काम विश्वस्तांच्या हाती एकत्र आले. आश्रमशाळा, वसतिगृहे, धर्मशाळा, अन्नदान असा त्याचा विस्तार झाला.

वार्धक्यात त्यांचे लक्ष मुंबईतील रुग्णालयांकडे वळले. खेड्यातून रुग्ण घेऊन आलेले नातलग जे. जे. रुग्णालयाच्या आवारात उघड्यावर दिवस काढीत. रुग्णाला खाट मिळे, सोबत आलेल्याला पायरी. जुन्या काळच्या यात्रेकरूचीच ही अवस्था होती, क्षेत्र तेवढे बदलले होते. १९५४ साली या नातलगांसाठी तेथे धर्मशाळा उभी राहिली. तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणारे त्यापूर्वीही अनेक होऊन गेले. रुग्णालयाच्या दारी धर्मशाळेची गरज आहे, हे ओळखणारे फार थोडे होते.

मधुमेहाने व श्रमाने शरीर थकले होते, तरी कीर्तने चालूच होती. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, त्यामुळे तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्या बातमीचा महाराजांच्या मनावर मोठा आघात झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, मोटारीतच त्यांनी देह ठेवला. ती मोटारही त्यांची स्वतःची म्हणता येत नव्हती. अमरावतीस ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

त्यांच्या पश्चात वारसा हक्काचा दावा कोणी करावा, अशी मालमत्ता नव्हती. मिशनचे काम विश्वस्तांच्या देखरेखीखाली चालू राहिले. मुंबईत दादर येथील मिशनच्या धर्मशाळेत आजही टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक अत्यल्प खर्चात राहतात, आणि त्यांच्या जेवणाची सोय दात्यांच्या वर्गणीतून होते.